चाकरीचे मोल : आज्ञापत्रापासून चिंतामणरावांपर्यंत

फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, जामदार, मुजुमदार, दिवाण. वर्गाच्या हजेरीपटावरची ही आडनावे वाचताना आज कोणालाही कचेरी आठवत नाही. पण मराठी राज्याच्या कारभारात याच आठ नावांचे दरकदार असत. हिशेब कोणी पाहायचा, पत्रे कोणी लिहायची, रोकड कोणाच्या ताब्यात, कोठी कोणाच्या, हे त्या नावांवरून कळे. अधिकार गेले, राज्यही गेले आणि हुद्दा मात्र घराण्याला चिकटून राहिला. नाना फडणीसांचे मूळ आडनाव भानू होते, हे आता सांगावे लागते. राज्याने आपल्या कारभाऱ्यांच्या कर्तबगारीची जी मोजदाद केली तिचा सर्वांत टिकाऊ अवशेष असा आपल्या भाषेतच पडून आहे.

सैनिकाच्या पराक्रमाला पोवाडे मिळाले आणि संताच्या भक्तीला चरित्रे. कायम चाकरीत राहून, दुसऱ्याच्या शिक्क्याखाली, दुसऱ्याच्या नावाने कारभार हाकणाऱ्या माणसाचे मोठेपण कसे ओळखावे आणि ओळखले तर त्याला काय द्यावे, या प्रश्नाकडे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. वास्तविक आपल्या गद्याच्या इतिहासातले काही महत्त्वाचे ग्रंथ याच प्रश्नाभोवती लिहिले गेले आहेत, असे आम्हांस वाटते.

त्यांतला पहिला अर्थातच आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ १७१५च्या सुमाराचा. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी तो सिद्ध झाला. आपण तो बहुधा मराठी राजनीतीचा आणि डौलदार गद्याचा नमुना म्हणून शिकवतो, आणि शिकवताना दुर्गांचे व आरमाराचे प्रकरण घेतो. आरमारासाठी झाडे तोडताना रयतेला दुखवू नये, हा भाग तर आता पर्यावरणाच्या भाषणांतूनही ऐकू येतो. वतने, वृत्ती आणि इनामे यांविषयीची प्रकरणे मात्र विद्यार्थी ओलांडून जातात. त्या प्रकरणांतला विचार आजही टोचणारा आहे.

वतनदार हे वरवर राज्याचे नोकर दिसतात, पण खरे पाहता ते राज्यातले वाटेकरीच होत, असे आज्ञापत्र सांगते. म्हणून त्यांना राजी राखावे आणि मर्यादेतही ठेवावे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी. यापुढे वृत्तीचा विचार येतो. एखाद्या सेवकाने मोठे काम केले म्हणून त्याला वंशपरंपरेची जमीन तोडून देणे हे आज्ञापत्रकाराला मान्य नाही. सेवकाला वेतन आहे, आणि काम करणे हा त्याचा धर्मच आहे. काम विशेष असेल तर विशेष द्यावे, दर्जा वाढवावा, वेतन वाढवावे. जमीन मात्र देऊ नये, कारण दिलेली जमीन परत येत नाही आणि कर्तबगार सेवक तर प्रत्येक पिढीत निघणार. प्रत्येकाला भूमी देत गेल्यास अखेरीस देणाऱ्याजवळ राज्यच उरणार नाही. धर्मकार्यासाठी दिलेल्या भूमीचा विचार ग्रंथ वेगळा करतो, पण नोकराच्या बक्षिसाबाबत त्याचा हिशेब रोखठोक आहे.

हा हिशेब कोठून आला? शिवाजीमहाराजांच्या काळाची एक आठवण त्यामागे आहे. कामगिरीचा मोबदला शक्यतो रोखीने द्यावा, जहागिरी तोडून देऊ नयेत, अशी महाराजांची रीत होती, असे सभासदाच्या बखरीपासून सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्ष कागदपत्रांत अपवाद सापडतात आणि सापडणारच, कारण रीत म्हणजे कायदा नव्हे. तरीही दिशा स्पष्ट होती. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली गेली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. या नामांतराकडे आपण भाषाशुद्धीचा प्रसंग म्हणून पाहतो, राज्यव्यवहारकोशाच्या संदर्भात त्याची चर्चा करतो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राजाने आपल्या कारभाऱ्यांना सिंहासनाच्या दोहों बाजूंस, सर्वांदेखत, नावानिशी उभे केले. जमिनीचा तुकडा न देता करता येणारा हा गौरव होता.

त्या आठांत तरुण रामचंद्र नीळकंठ अमात्य म्हणून उभे होते. त्यांचे वडील निळो सोनदेव हेही महाराजांच्या सेवेतले. म्हणजे वारसाहक्काचा धागा तेथेही अगदीच तुटलेला नव्हता. शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाईंच्या हाती कारभार असतानाचे दिवस आणि शेवटी कोल्हापूरचे संभाजी, इतक्या कारकिर्दी या एका अधिकाऱ्याने पाहिल्या. त्यांतला कसोटीचा काळ १६८९नंतरचा. रायगड गेला होता, राजाराम जिंजीकडे निघाले होते आणि महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंतांच्या स्वाधीन करण्यात आला होता. ‘हुकूमतपनाह’ हा किताब त्यांना मिळाला तो याच काळात. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, शत्रूचा बादशहा स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला, अशा स्थितीत राज्य नावाची वस्तू कागदोपत्री आणि किल्लोकिल्ली चालू ठेवायची, हे काम त्यांनी शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक आदी सहकाऱ्यांसह केले. कर्तबगार शासकीय नेतृत्वाचे याहून ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही.

याच काळात वतनांची खैरातही झाली. मोगल एका हाताने वतने देऊ करत होते. आपली माणसे आपल्याकडे राखायची तर राजारामांनाही तेच नाणे वापरावे लागले. रोख द्यायला रोख नव्हती. ज्याच्याकडे नुसता आगामी विजयाचा भरवसा आहे, त्याने आगामी जमिनीचीच सनद लिहून द्यायची. आज्ञापत्रातला वतनविरोध म्हणूनच पोथीतला वाटत नाही. ज्या हातांनी अशा सनदांचा कारभार पाहिला, त्याच हातांचा तो उत्तरकाळचा पश्चात्ताप असावा, असे आम्ही समजतो.

आणि बक्षिसांचे पुढे काय झाले ते पाहावे. शंकराजी नारायण सचिव यांनी १७०७मध्ये, शाहूराजे परतल्यावर ताराबाईंना दिलेला शब्द आणि नवा धनी यांच्या पेचात सापडून, स्वतःच प्राण दिला. त्यांच्या वंशाकडे भोर राहिले, ते पंतसचिवांचे संस्थान म्हणून १९४८पर्यंत. परशुराम त्रिंबकांच्या वंशाकडे औंध राहिले, तेही १९४८पर्यंत, आणि त्याच घराण्याची दुसरी शाखा विशाळगडास. स्वतः रामचंद्रपंतांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर कोल्हापूरच्या छत्राखाली विसाव्या शतकापर्यंत चालली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तीन-चार अधिकाऱ्यांनी जे केले त्याची परतफेड अडीचशे वर्षे होत होती! औंधास पुढे चित्रकार राजा लाभला आणि १९३९मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देण्याचा विलक्षण प्रयोग झाला, ही इतिहासाची कृपा. पण परशुरामपंतांच्या सनदेत तसे काही लिहिलेले नव्हते. वृत्ती देऊ नये असे सांगणारा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे त्यांचेच घराणे वृत्तीवर टिकले, या विसंगतीबद्दल ग्रंथकाराला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. उलट त्यामुळेच त्याचा शब्द ऐकण्याजोगा होतो.

अठराव्या शतकात बक्षीस आणि हुद्दा यांतले अंतर पुसलेच गेले. बाळाजी विश्वनाथांना १७१३मध्ये पेशवाई मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या अकलेवर, १७२०मध्ये ती बाजीरावांकडे आली ती मुलगा म्हणून. बाजीराव बाजीराव निघाले, म्हणून त्या निर्णयाची परीक्षा करण्याची कोणाला गरज वाटली नाही. पुढच्या सगळ्या पेशव्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

कंपनी सरकार आले तेव्हा त्याच्यापुढे या सगळ्या जुन्या बक्षिसांचा ढीग होता. १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले. तुमच्या पणजोबाला ही जमीन कोणी दिली, कशासाठी दिली, कागद कोठे आहे, असे प्रश्न घरोघर विचारले जाऊ लागले, आणि समाधानकारक उत्तर नसल्यास इनाम खालसा. या कमिशनाविषयीचा संताप १८५७च्या आसपासच्या दक्षिणेतील अस्वस्थतेचे एक कारण मानला जातो. आमच्या वाचकांना त्यात रस वाटावा तो दुसऱ्याच कारणाने. १८५६मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर म्हणून नेमले गेलेले एक गृहस्थ म्हणजे गोपाळ हरी देशमुख, आपले लोकहितवादी. घराण्याचे मूळ आडनाव सिधये, देशमुखीच्या वतनामुळे देशमुख झालेले, वडील पेशवाईत बापू गोखल्यांच्या पदरी. जुन्या राज्याच्या बक्षिसाचे नाव धारण करणारा माणूस नव्या राज्यासाठी जुन्या बक्षिसांची छाननी करत होता. ‘प्रभाकर’मधल्या शतपत्रांतून (१८४८–५०) त्यांनी आपल्या समाजाचा आळस, भिक्षुकी आणि गतवैभवाची भाबडी आठवण यांवर जे कोरडे ओढले, ते सरकारी चाकरीत असतानाच आणि टोपणनावाने. त्या टोपणनावाकडे आपण केवळ वाङ्मयीन संकेत म्हणून पाहू नये. चाकराला स्वतःच्या नावाने बोलता येते की नाही, हा प्रश्न तेथे आहे. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर केले.

‘रावबहादूर’ हा शब्द नीट न्याहाळण्यासारखा आहे. राव येथला, बहादूर फारसी, देणारा इंग्रज. इनामाच्या छाननीत जे सरकार इतके काटेकोर होते त्याला कर्तबगारीचा गौरव करण्याची एक नवी युक्ती सापडली होती. किताबाला खजिन्यातून काही लागत नाही, वंशपरंपरा लागत नाही, आणि देणाऱ्याच्या हातून काहीही सुटत नाही. आज्ञापत्राची अडचण या एका युक्तीने सुटली, असे क्षणभर वाटावे. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, त्यावर १८६१पासून स्टार ऑफ इंडिया आणि १८७८पासून इंडियन एम्पायर या पदव्यांचे मजले, अशी उतरंड रचली गेली. जानेवारीच्या यादीत आपले नाव येते का, हे पाहण्यात मामलेदारापासून दिवाणापर्यंत एक पिढीच्या पिढी गढून गेली. विनोदी मराठी नाटकांनी पुढे रावबहादुराचे सोंग उभे केले ते काही उगाच नाही.

पण किताबाचीही किंमत होती आणि ती घेणाऱ्याने मोजायची होती. न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने घेण्यासारखे आहे, कारण त्यांच्या बाबतीत संशय आणि सन्मान एकाच सरकारकडून आणि एकाच माणसाला मिळाले.

१८७१पासून रानडे पुण्यास सबजज्ज. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचा हात होता, हे सरकारला दिसत होते. १८७८मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली आणि १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने आणि पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या आगीने वातावरण तापलेले असताना, थेट धुळ्यास. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक स्त्रियांच्या आत्मकथनांच्या परंपरेत आपण वाचतो आणि ते योग्यच आहे. तथापि ते एका सरकारी अधिकाऱ्याच्या घराचेही दफ्तर आहे, इकडे कमी लक्ष जाते. धुळ्यास टपाल फोडलेले येत होते, बंडाशी संबंध असल्याचा भास उत्पन्न करणारी पत्रे कोणीतरी पाठवत होते, आणि रानडे अशी पत्रे स्वतःहून पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करत होते. हे सारे तेथे बायकोच्या नजरेतून, संसाराच्या ओघात येते. नवऱ्याचे वरिष्ठ त्याच्याकडे संशयाने पाहतात, हे त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचते, याची अशी नोंद शासकीय अहवालात कोठून सापडणार?

संशय फिटला. १८८६मध्ये हिंदुस्थान सरकारने खर्चाच्या काटकसरीसाठी नेमलेल्या फायनान्स कमिटीत मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून रानडे बसले, आणि त्या कामाबद्दल सी.आय.ई. झाले. १८९३मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीशपद आले. त्यांच्या गुणांची ओळख सरकारला पटण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला, असे म्हणता येईल. आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, धुळ्याच्या दिवसांत ज्या गुणांमुळे ते संशयास पात्र ठरले आणि कमिटीत ज्या गुणांमुळे सन्मानास पात्र ठरले, ते गुण एकच होते. स्वतंत्र बुद्धी, हिशेबावर पकड, आणि राज्यकर्त्याच्या मर्जीपलीकडे पाहण्याची सवय. किताब देणाऱ्याला यांतली मधलीच गोष्ट हवी असते, आणि उरलेल्या दोन त्याला नाइलाजाने सोबत घ्याव्या लागतात.

हायकोर्टात असतानाच रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १९००मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिवाजीमहाराज राज्यकारभाराचे धनी म्हणून कसे होते, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. महत्त्वाच्या हुद्द्यांना वंशपरंपरा लागू न देणे आणि मोबदला जमिनीऐवजी रोख देणे, या दोन गोष्टींवर रानडे तेथे मोठा भर देतात, आणि पुढच्या ऱ्हासाची मुळे त्या सोडून देण्यात शोधतात. आज्ञापत्रातला विचार दोन शतकांनी एका सरकारी न्यायाधीशाच्या लेखणीतून पुन्हा उगवला. त्या न्यायाधीशाने वंशपरंपरेचे बक्षीस घेतलेले नव्हते, किताब घेतला होता, आणि तो देणाऱ्या सरकारची अर्थनीती आयुष्यभर तपासली होती. हे तिन्ही एकत्र लक्षात घेऊन ते प्रकरण वाचले तर त्याचा सूर निराळा लागतो, असा आमचा अनुभव आहे.

असहकाराच्या चळवळीने १९२०मध्ये किताब परत करण्याची हाक दिली आणि या सबंध उतरंडीची रया गेली. संविधानाच्या अठराव्या कलमाने, सैनिकी आणि विद्याविषयक पदव्या वगळता, राज्याने कोणताही किताब देऊ नये असे ठरवून टाकले. आता कर्तबगार सनदी अधिकाऱ्याला काय द्यायचे? स्वतंत्र भारताचे पहिले उत्तर शब्दांचे होते, आणि ते दिले सरदार पटेलांनी. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये नव्या सेवेच्या उमेदवारांसमोर त्यांचे भाषण झाले. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत, जुन्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या हमींवर टीका होत असताना, ते त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. फाळणीच्या काळात देश कोणी सावरला हे आपण पाहिले आहे, अशा आशयाचे ते बोलणे होते. ज्या नोकरशाहीने काल आपल्याला तुरुंगात घातले तिच्या कामाची पावती आज भर सभेत द्यायची, याला मनाचा मोठेपणा लागतो. सचिव मोकळेपणाने आपल्याविरुद्ध मत देऊ शकला पाहिजे, ही त्यांची अपेक्षा होती, आणि अधिकाऱ्याचा याहून मोठा गौरव एखाद्या मंत्र्याने कोणत्या पदकाने केला असता ते आम्हांस सुचत नाही.

१९५४मध्ये पद्म पुरस्कार सुरू झाले. पहिल्याच वर्षी पद्मभूषण मिळालेल्यांत सुकुमार सेन हे आय.सी.एस. अधिकारी होते. सतरा कोटींहून अधिक मतदारांची, त्यांतील बहुसंख्य निरक्षर असलेल्यांची, पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९५१–५२) त्यांनी पार पाडली होती आणि ते पदावर असतानाच हा सन्मान आला. पुढे नियम असा झाला की, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेतील सरकारी नोकर पद्म पुरस्कारास पात्र नाहीत. गौरव करायचा तर निवृत्तीची वाट पाहावी. नियमामागचा विवेक उघड आहे, सेवेतल्या माणसाला दिलेला सन्मान हा धन्याने चाकराला दिलेला सन्मान होतो. हे पुरस्कारच किताब आहेत, असा आक्षेप आचार्य कृपलानींनी १९६९मध्ये लोकसभेत विधेयक आणून नोंदवला, ते संमत झाले नाही. १९७७मध्ये जनता सरकारने पुरस्कार थांबवले, १९८०मध्ये ते परतले, आणि १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते किताब नाहीत पण नावाला जोडूही नयेत, असा निर्वाळा दिला. पत्रिकांवर आणि फलकांवर ते अजून नावाला जोडलेले आढळतात, ते रावबहादुरांचे भूत समजावे.

चिंतामणराव देशमुखांचे आयुष्य या सगळ्या पद्धतींमधून गेलेले आहे. आडनाव वतनाचे. जन्म १८९६, रायगडाच्या परिसरात, महाडजवळच्या नाते गावी. १९१८च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले. मध्य प्रांत-वऱ्हाडातली नोकरी, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४मध्ये इंग्रज सरकारकडून ‘सर’ आणि त्याच वर्षी ब्रेटन वुड्स परिषदेतले भारताचे प्रतिनिधित्व. १९५०मध्ये अर्थमंत्री. जुन्या राजवटीचा किताब मिळालेला अधिकारी नव्या राजवटीचा अर्थमंत्री होतो, यावर त्या वेळी कुरकूर झाली नसती तरच नवल. पण महाराष्ट्राने चिंतामणरावांना डोक्यावर घेतले ते यांतल्या कशासाठीही नव्हे. १९५६च्या जुलैत मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यासाठी. अडतीस वर्षांची चाकरी एका बाजूला आणि एक राजीनामा दुसऱ्या बाजूला. लोकांनी राजीनामा उचलला. रामशास्त्र्यांच्या बाबतीतही हेच झाले होते. न्यायासनावरची त्यांची वर्षे किती जणांना ठाऊक आहेत? पुणे सोडून गेले, हे मात्र शाळकरी पोरालाही माहीत असते. चाकरी सोडण्याच्या क्षणी चाकराचा कणा दिसतो आणि तेवढाच लोकांच्या लक्षात राहतो. ज्या वर्षांत तो कणा ताठ ठेवून रोज सकाळी कचेरीत जावे लागते त्या वर्षांची आठवण कोणी ठेवावी?

१९५९मध्ये ती ठेवली मनिलाच्या मॅगसेसे प्रतिष्ठानाने. फिलिपिन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसेसे १९५७मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या या पुरस्कारांत ‘शासकीय सेवा’ असा स्वतंत्र विभाग होता. त्यात चिंतामणरावांना पुरस्कार मिळाला तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. याच विभागात पुढे किरण बेदी (१९९४), टी. एन. शेषन (१९९६) आणि जे. एम. लिंगडोह (२००३) हे भारतीय आले. हे तिघेही त्या वेळी सेवेत किंवा पदावर होते. जे स्वतःच्या सरकारला नियमाने करता येत नव्हते ते परक्या देशातल्या एका प्रतिष्ठानाने केले. तो अधिकाऱ्याचा धनी नव्हता, म्हणून त्याला ते करता आले. २००८नंतर हे विभाग मोडीत निघाले. भारत सरकारचे पद्मविभूषण चिंतामणरावांकडे आले ते १९७५मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी.

या गृहस्थांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्या अनुवादाची चर्चा वृत्ताच्या आणि शब्दकळेच्या अंगाने होते. आमच्या मनात मात्र निराळेच येते. मेघदूत हे मुळात एका नोकराचे काव्य आहे. यक्षाने नेमून दिलेल्या कामात कसूर केली, धन्याने त्याला वर्षभरासाठी हद्दपार केले, आणि तेथून काव्य सुरू होते. ज्याने आयुष्यात कामात कसूर केल्याचे कोणी म्हटले नाही, अशा अधिकाऱ्याने कसूर केलेल्या नोकराचे विरहगीत आपल्या भाषेत आणावे, यात त्याला स्वतःला काही गंमत वाटली असेल काय?

२००६मध्ये केंद्र सरकारने लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी पंतप्रधान पुरस्कार सुरू केले. ते २१ एप्रिलला, पटेलांच्या त्या भाषणाच्या दिवशी, नागरी सेवा दिन म्हणून साजऱ्या होणाऱ्या दिवशी दिले जातात. म्हणजे सेवेतल्या अधिकाऱ्याचा गौरव सेवेत असतानाच करण्याचा मार्ग सरकारने अखेर काढला. आरंभी व्यक्तीला एक लाख रुपये आणि गटाला पाच लाखांपर्यंत अशी रक्कम होती. आता ती वीस लाख आहे, पण जिल्ह्याला किंवा संस्थेला मिळते आणि लोकोपयोगी कामावरच खर्च करावी लागते. अधिकाऱ्याला सन्मानपत्र, पैसा जिल्ह्याला. आज्ञापत्रकाराने या नियमावर मान डोलावली असती. निवडीचा भर सरकारच्या अग्रक्रमाच्या योजनांवर असतो, यावर मात्र तो काय म्हणाला असता ते सांगता येत नाही. जिल्हाधिकाऱ्याने वरून आलेली योजना उत्तम राबवली हे मोजता येते. वरून आलेली चुकीची गोष्ट त्याने थोपवली, हे कोणत्या रकान्यात भरायचे? धुळ्याचे रानडे या अर्जात बसले नसते.

दुसरी अडचण नेतृत्व या शब्दातच आहे. पुरस्कार घ्यायला जिल्हाधिकारी जातात. प्रत्यक्ष काम तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक यांच्या हातून झालेले असते, आणि पुरस्कार येईतो साहेबांची बदलीही होऊन गेलेली असते. यावर उत्तर नाही असे नाही. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची घडी नव्याने बसवली. कामकाजाच्या पद्धती, अभिलेखांची मांडणी, बसण्याची व्यवस्था, कोणते काम कोणाकडे, हे सारे त्यांनी बदलले. पाहायला दुरून लोक आले. त्या पद्धतीला महाराष्ट्राच्या कार्यालयीन मराठीत ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पडले, आणि दफ्तर लावणाऱ्या लिपिकाच्या तोंडी ते सामान्यनामासारखे रुळले. कोणत्याही समितीने ते नाव दिलेले नव्हते, आणि ते नाव वापरताना मान कोणाचा होतो, साहेबांचा की गठ्ठे नीट बांधून फडताळात लावणाऱ्या त्या लिपिकाचा, हे वेगळे काढून दाखवता येत नाही.